विद्युत् मोटारगाडीची खरेदी आणि चार्जिंगची सोय : एक व्यावहारिक विवेचन

पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी विकत घेताना ती रात्री कोठे उभी राहणार, ह्या प्रश्नाला ग्राहक फारसे महत्त्व देत नाही. गाडी अंगणात उभी राहो, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये राहो किंवा रस्त्याच्या कडेला राहो. पेट्रोलचा भाव सर्वांना सारखाच पडतो. विद्युत् मोटारगाडीच्या बाबतीत ही स्थिती मुळातच पालटते. येथे गाडी उभी करण्याची जागा हीच ऊर्जा भरण्याची जागा होऊ शकते. ती तशी होते की नाही, ह्या एका गोष्टीवर गाडीचा दर किलोमीटरचा खर्च, तिची दैनंदिन उपयुक्तता आणि काही अंशी तिच्या बॅटरीचे आयुष्यही अवलंबून राहते. असे असूनही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती बहुधा एकदा चार्ज केल्यावर गाडी किती किलोमीटर जाते, ह्या आकड्याची. तो आकडा महत्त्वाचा आहे यात शंका नाही; परंतु विचाराचा आरंभ तेथून करणे इष्ट नव्हे. म्हणून येथे प्रथम ऊर्जेची गरज, नंतर ती पुरविण्याची साधने व जागा, आणि शेवटी खर्चाचा हिशोब अशा क्रमाने विषयाची मांडणी केली आहे.

पूर्वपीठिका

विजेवर चालणारी गाडी ही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,५७५ गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या. १,६८१ वाफेवर चालत, आणि पेट्रोलच्या गाड्यांची संख्या अवघी ९३६ होती. पुढील दोन दशकांत हे प्रमाण उलटले. शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या, त्यांत साठणारी ऊर्जा तुटपुंजी होती आणि शहराच्या हद्दीबाहेर वीज मिळणे दुरापास्त होते. १९१२ पासून पेट्रोल गाड्यांना विद्युत् स्टार्टर बसू लागला, तेव्हा हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रासही संपला आणि विजेच्या गाडीचे उरलेसुरले आकर्षण नाहीसे झाले.

१९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, तेव्हा ह्या अडचणींपैकी वजनाची व साठवणुकीची अडचण सुटण्यास प्रारंभ झाला. ह्या बॅटरीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. भारतात बंगळूर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी गाडी २००१ साली रस्त्यावर आली. तिच्यात शिशाचीच बॅटरी होती. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने ३०.२ किलोवॉट-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असलेली नेक्सॉन बाजारात आणली आणि त्यानंतर मध्यमवर्गीय कुटुंबांत विद्युत् गाडीचा गंभीरपणे विचार होऊ लागला. बॅटरीचा प्रश्न अशा रीतीने बराच सुटला. वीज योग्य जागी मिळण्याचा प्रश्न मात्र, स्वरूप बदलून, अद्याप शिल्लक आहे.

ऊर्जेची गरज

घरच्या विजेच्या बिलात ज्याला ‘युनिट’ म्हणतात ते परिमाण, म्हणजे एक किलोवॉट-तास, येथेही सोयीचे आहे. मध्यम आकाराच्या विद्युत् गाडीला १०० किलोमीटर जाण्यास सुमारे १५ युनिट लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट इतकी उष्णता साठलेली असते. तेव्हा लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ६० युनिट ऊर्जा खर्च करते. हा चौपट फरक पडण्याचे कारण उघड आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विद्युत् मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोचविते, आणि शिवाय ब्रेक लावताना गाडीच्या गतिज ऊर्जेतील काही भाग बॅटरीत परत घेते.

बॅटरीत १५ युनिट भरावयाचे तर मीटरवर मात्र सुमारे १७ युनिट नोंदले जातात. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना, तसेच तारांत व बॅटरीत, ऊर्जेचा एक अंश उष्णतेत जातो. खर्चाचा अंदाज करताना हा मीटरवरचा आकडा घेतला पाहिजे. कारण वीज कंपनी पैसे घेते ते त्याचेच.

आता महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची गरज पाहू जाता ती रोज साधारण ६ युनिट इतकी निघते. दीड टनाचा वातानुकूलन यंत्रसंच रात्रभर चालविल्यास जी वीज लागते, तिच्याशी ही गरज तुलनीय आहे. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढील बहुतेक युक्तिवाद त्याच्याच आधारे उभा राहतो.

प्रमाणित पल्ला आणि प्रत्यक्ष पल्ला

गाडीच्या माहितीपत्रकात छापलेला पल्ला हा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. भारतात ह्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, ह्या संस्थेचे स्थान प्रमुख आहे. चाचणीत गाडी रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने चालविली जाते. ह्या वेगक्रमात सरासरी वेग बेताचा असतो व चढउतार नसतात. त्यामुळे निरनिराळ्या गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उपयुक्त असला, तरी रस्त्यावरील अनुभवाचे भाकीत म्हणून तो घेता येत नाही. नेक्सॉनच्या पहिल्या आवृत्तीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. १०० किलोमीटरला १५ युनिट हे प्रमाण धरल्यास ३०.२ युनिटांत गाडी सुमारे २०० किलोमीटर जाते.

ह्या तफावतीची कारणे तीन. पहिले, हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी ६० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाताना रोधावर मात करण्यासाठी दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा पावणेतीन पटींच्या घरात जाते. पेट्रोलची गाडी शहरात जास्त इंधन खाते व महामार्गावर कमी. विद्युत् गाडीचे नेमके याच्या उलट असते. दुसरे कारण वातानुकूलनाचे, आणि तिसरे चढाचे. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना सुमारे ५०० मीटरची उंची गाठावी लागते. माणसांसह १,६०० किलोग्रॅम वजनाची गाडी तेवढी वर नेण्यास किमान २.२ युनिट लागतात, आणि यंत्रणेतील घट धरल्यास अडीच युनिट. म्हणजे सपाट रस्त्यावरील १६-१७ किलोमीटरांची ऊर्जा घाटातच खर्ची पडते. उतरताना यातील बराच भाग परत मिळतो, सर्व मिळत नाही. मुंबईहून पुण्यास जाताना आणि पुण्याहून मुंबईस येताना एकाच गाडीचा पल्ला वेगळा का भासतो, ह्याचा उलगडा यातून होतो.

चार्जिंगचे प्रकार

चार्जिंगची साधने मुख्यत्वे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे घरातील १५ किंवा १६ अँपिअरचे सॉकेट. गाडीबरोबर मिळणाऱ्या केबलच्या साहाय्याने त्यातून सुमारे ३ किलोवॉट शक्ती मिळते. दुसरा प्रकार भिंतीवर कायम बसविलेल्या चार्जरचा. एकफेज जोडणीवर तो ३२ अँपिअर, म्हणजे सुमारे ७.२ किलोवॉट, आणि थ्री-फेज जोडणीवर ११ किंवा २२ किलोवॉट देतो. ह्या दोन्ही प्रकारांत गाडीला प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो व त्याचे रूपांतर गाडीतच बसविलेला चार्जर करतो. तिसऱ्या, म्हणजे जलद चार्जिंगच्या प्रकारात हे रूपांतर गाडीबाहेरील मोठ्या यंत्रात होते आणि एकदिश प्रवाह थेट बॅटरीत जातो. त्याची शक्ती २५-३० किलोवॉटपासून १०० किलोवॉटच्या पुढेपर्यंत असते.

४० युनिट क्षमतेची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाची, म्हणजे २८ युनिट तिच्यात घालावयाचे. साध्या सॉकेटवर त्यास साडेदहा तास लागतील, ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर साडेचार तास, आणि ५० किलोवॉटच्या जलद चार्जरवर गणिताने ३४ मिनिटे. प्रत्यक्षात मात्र शेवटच्या प्रकारात पाऊण ते एक तास लागू शकतो; कारण बॅटरी किती प्रवाह घ्यावयाचा हे तिच्या तापमानानुसार व भरलेपणानुसार ठरविते आणि ८० टक्क्यांच्या पुढे तो झपाट्याने कमी करते. धान्याचे पोते भरत आले म्हणजे जसे हळूहळू ओतावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

येथे ग्राहकाने एक गोष्ट आवर्जून तपासावयास हवी. वेग ठरतो तो गाडी आणि चार्जर ह्या दोहोंपैकी जे दुबळे असेल त्यावरून. ज्या गाडीतील चार्जर ३.३ किलोवॉटचा आहे, तिला भिंतीवरील ७.२ किलोवॉटच्या चार्जरचा काही लाभ होत नाही. एकाच नावाच्या गाडीच्या स्वस्त व महाग आवृत्त्यांत हा फरक असू शकतो. तो दर्शनी भागात दिसत नाही. माहितीपत्रकातील तांत्रिक कोष्टकातच शोधावा लागतो.

घरची जोडणी

घरी चार्जिंग करावयाचे म्हणजे सॉकेटमध्ये केबल अडकविणे एवढेच नव्हे. घरातील मिक्सर काही मिनिटे चालतो, गीझर पाऊण तास. गाडी मात्र आठ-दहा तास सलग, पूर्ण भाराने वीज ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरच्या जागी ३२ अँपिअर गेल्यास ती सुमारे दहापट होते. जुनी तार, सैल झालेला स्क्रू किंवा हलक्या प्रतीचे सॉकेट अशा वेळी प्रथम तापते, मग वितळते. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तार ओढणे, ३२ अँपिअरच्या चार्जरसाठी सामान्यतः ६ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची तार वापरणे, स्वतंत्र एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे, आणि अर्थिंगची मोजणी करून घेणे ह्या गोष्टी ऐच्छिक मानता येत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करणे सर्वथा वर्ज्य समजावे. चार्जिंगच्या साधनांसाठी भारतीय मानक १७०१७ अस्तित्वात आहे. चार्जर त्यानुसार आहे की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे. प्रमाणित चार्जर गाडीशी संकेतांची देवाणघेवाण केल्यावाचून वीज सोडतच नाही. त्यामुळे पावसाळ्यात केबल हाताळतानाही धोका पुष्कळ कमी होतो.

दुसरा प्रश्न मंजूर भाराचा. अनेक सदनिकांचा मंजूर भार काही थोड्या किलोवॉटांचाच असतो, ७.२ किलोवॉटचा एकच चार्जर त्या मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी भार वाढवून घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. परंतु मुळात एवढ्या मोठ्या चार्जरची गरज आहे काय, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे. रोजची गरज ६ युनिटांची असेल, तर ३ किलोवॉटच्या सॉकेटवर ती दोन तासांत भागते. रोज १०० किलोमीटर फिरणाऱ्यास १७ युनिट लागतात. तेही सहा तासांत भरून होतात. तात्पर्य, बहुसंख्य कुटुंबांना वेगवान चार्जरपेक्षा सुरक्षित आणि हक्काच्या सॉकेटची आवश्यकता अधिक आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील प्रश्न

स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्याचा विचार येथे संपतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठा वर्ग मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतो. आणि खरी गुंतागुंत तेथेच आहे. पार्किंगची जागा एकाची, तारेचा मार्ग सर्वांच्या मालकीच्या भिंतीवरून जाणारा, मीटरची खोली सामाईक, आणि ट्रान्स्फॉर्मरची क्षमता मर्यादित, अशी तेथील परिस्थिती असते.

व्यवहारात बहुधा असे घडते की पहिले चार-पाच सभासद आपापल्या मीटरवरून ७.२ किलोवॉटचे चार्जर बसवितात, उपलब्ध असलेली जादा क्षमता त्यांत संपते, आणि सहाव्या सभासदास भार शिल्लक नसल्याचे सांगावे लागते. यातून कलह उत्पन्न होतो. परंतु हा कलह विजेच्या तुटवड्यातून आलेला नसून नियोजनाच्या अभावातून आलेला असतो. चाळीस सभासदांनी प्रत्येकी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसविल्यास एकूण जोडलेला भार २८८ किलोवॉट होतो. हा आकडा पाहून कोणतीही कार्यकारिणी बिचकेल. याउलट त्या चाळीस गाड्यांची रोजची गरज प्रत्येकी ६ युनिटप्रमाणे २४० युनिट इतकीच आहे. रात्रीच्या आठ तासांत ती समप्रमाणात वाटल्यास सरासरी भार पडतो तो अवघा ३० किलोवॉट. २८८ आणि ३० ह्या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच नियोजनाला असलेला वाव होय. सामाईक यंत्रणा बसवून प्रत्येक गाडीला आळीपाळीने किंवा थोडथोडा प्रवाह देण्याची व्यवस्था आज उपलब्ध आहे. प्रत्येकाचा पोटमीटर स्वतंत्र ठेवता येतो, त्यामुळे बिलाचा वादही राहत नाही.

कायद्याची बाजूही आता बरीचशी स्पष्ट झाली आहे. गाडी चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, सबब त्यासाठी परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन पार्किंगच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविण्यात आली. ही तरतूद नव्या बांधकामांच्या उपयोगी पडते. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीस तिचा लाभ नाही. विद्युत् ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती मात्र जुन्या-नव्या सर्वांना लागू आहे. तीनुसार ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. तथापि जोडणी मिळाली तरी तार ज्या भिंतीवरून न्यावयाची ती भिंत सामाईकच राहते. यास्तव एकेका सभासदाने अर्ज करीत बसण्यापेक्षा संस्थेने सर्वसाधारण सभेत एकदाच आराखडा मंजूर करणे सर्वांच्या हिताचे ठरते. आणि गाडी आरक्षित करण्यापूर्वी हा प्रश्न सभेपुढे नेणे ग्राहकाच्या हिताचे.

सार्वजनिक केंद्रे आणि लांबचा प्रवास

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात ३ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात एक, आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट ठेवले होते. तेव्हापासून केंद्रांची संख्या पुष्कळ वाढली आहे. तरी प्रवाशाने नकाशावरील खुणेवर विसंबून राहू नये. प्रत्येक चालकसंस्थेचे मोबाइलवरील अ‍ॅप निराळे, पैसे भरण्याची रीत निराळी, आणि सुट्टीच्या दिवशी रांग असण्याचा संभवही असतो. आता बहुतेक नव्या गाड्यांना ‘सीसीएस-२’ ह्या प्रकारचे सॉकेट असल्यामुळे प्लग न बसण्याची पूर्वीची अडचण मात्र फारशी राहिलेली नाही.

लांबच्या प्रवासाचा हिशोब करण्याची रीत सोपी आहे. मार्गातील थांब्यांवर बॅटरी १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान वापरावयाची असल्याने दोन थांब्यांमधील अंतर प्रत्यक्ष पल्ल्याच्या ७० टक्के धरावे. केवळ पहिल्या टप्प्यास, घरून पूर्ण भरून निघाल्यास, ९० टक्के मिळतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून जून २०२५ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. २०० किलोमीटर प्रत्यक्ष पल्ला असलेल्या गाडीस पहिला टप्पा १८० किलोमीटरचा व पुढील टप्पे १४० किलोमीटरांचे पडतात. म्हणजे चार थांबे व सुमारे चार तासांचा विसावा. २७० किलोमीटर पल्ल्याच्या गाडीस तीन थांबे पुरतात. वेग जास्त ठेवल्यास पल्ला घटतो व थांबा वाढतो. तेव्हा वेगाने जाणारा आधी पोचेलच असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणानुसार ह्या महामार्गावर, तसेच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर व अटल सेतूवर, विद्युत् मोटारगाड्यांना पथकरातून सूट मिळाली आहे. ज्याचे असे प्रवास वर्षातून दोन-तीनदाच घडतात, त्याने त्यांच्यासाठी मोठी व महाग बॅटरी घ्यावी की त्या वेळी दुसरी सोय करावी, हा ज्याचा त्याने विचार करावा.

खर्चाचा हिशोब

विवेचनासाठी पुढील आकडे गृहीत धरले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घालावेत. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व गाडी लिटरला १५ किलोमीटर जाणारी. घरची वीज युनिटला १२ रुपये. सार्वजनिक जलद केंद्रावरील वीज करासह २२ रुपये. आणि सारख्या दर्जाच्या दोन गाड्यांच्या किमतींतील फरक ३ लाख रुपये. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये पडतो. घरी चार्ज केलेल्या गाडीचा खर्च मीटरवरील १७ युनिटांच्या हिशोबाने सुमारे २ रुपये पडतो. जलद केंद्रावर काही घट यंत्रातच होऊन जाते, म्हणून १६ युनिट धरल्यास तो साडेतीन रुपये पडतो.

वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या ग्राहकाची घरी चार्ज केल्यास सुमारे ६०,००० रुपयांची, आणि केवळ सार्वजनिक केंद्रावर विसंबल्यास ४२,००० रुपयांची बचत होते. किमतीतील फरक पहिल्याचा पाच वर्षांत भरून निघतो, दुसऱ्याचा सात वर्षांहून थोड्या अधिक काळात. परंतु वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरणाऱ्याचा हिशोब पाहिल्यास पहिल्यास बारा वर्षे लागतात आणि दुसऱ्यास सतरा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे कमी फिरणाऱ्या व घरी चार्जिंगची सोय नसलेल्या ग्राहकास, अन्य सर्व गोष्टी समान मानल्यास, गाडीच्या नोंदणीच्या मुदतीत हा फरक भरून काढता येत नाही. ह्या हिशोबात कर्जावरील व्याज, विमा व देखभाल धरलेली नाही. विद्युत् गाडीची देखभाल सामान्यतः स्वस्त पडते, विमा मात्र गाडीच्या चढ्या किमतीमुळे महाग पडू शकतो.

घरच्या विजेचा दर ठरविताना एक चूक सहज होते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० व ५०० युनिट अशा पायऱ्या असून वरच्या पायरीचा दर चढा असतो. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने १,००० किलोमीटरांसाठी १७० युनिट वाढविले, तर त्यांपैकी १५० युनिट दुसऱ्या पायरीवर व २० तिसऱ्या पायरीवर पडतात. आधीच ३०० युनिट वापरणाऱ्याचे सर्व १७० युनिट तिसऱ्या पायरीवर जातात. अर्थात् गाडीच्या विजेला लावावयाचा दर हा बिलाचा सरासरी दर नसून शेवटच्या युनिटांचा दर होय. राज्य विद्युत् नियामक आयोगाने वाहनांच्या चार्जिंगसाठी निराळा ग्राहकवर्ग ठेवला आहे. स्वतंत्र जोडणी घेतल्यास पायऱ्यांचा प्रश्न टळतो, परंतु त्या जोडणीचा मासिक आकार हिशोबात धरावा लागतो.

सवलतींविषयी जुनी माहिती अजून सांगितली जाते, म्हणून त्यांची सद्यःस्थिती नमूद करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०१९ पासून विद्युत् वाहनांवर वस्तू व सेवा कर १२ ऐवजी ५ टक्के झाला व तो तसाच आहे. मात्र सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने दोहोंमधील अंतर कमी झाले. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत मिळणारी आयकर-वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खाजगी मोटारगाडीस अनुदान नाही. सप्टेंबर २०२४ पासून गाडीची किंमत निराळी व बॅटरीचे भाडे दर किलोमीटरला निराळे, अशीही एक पद्धत आली. आरंभी हे भाडे साडेतीन रुपये होते. त्यात विजेचे २ रुपये मिळविल्यास खर्च साडेपाच रुपये होतो, आणि पेट्रोलशी असलेले अंतर पाचावरून दीड रुपयावर येते. आरंभीची किंमत कमी दिसते ती याच मोबदल्यात.

बॅटरीची निगा

बॅटरीचे दोन रासायनिक प्रकार प्रचारात आहेत. निकेल-मँगॅनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीत त्याच वजनात अधिक ऊर्जा मावते. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी काहीशी जड, परंतु उष्णतेस अधिक सोशिक व दीर्घायुषी असते. पहिल्या प्रकारात रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंतच भरणे श्रेयस्कर मानतात. दुसऱ्या प्रकारात विद्युत्-दाब भरलेपणानुसार फारसा बदलत नाही, त्यामुळे उरलेल्या ऊर्जेचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. तो ताळ्यावर आणण्यासाठी अधूनमधून पूर्ण भरण्याची शिफारस निर्माते करतात. आपल्या गाडीतील बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे जाणून निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे वागणे, एवढेच यात ग्राहकाचे कर्तव्य आहे.

दोन्ही प्रकारांचा समान शत्रू म्हणजे उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथे उन्हात उभी असलेली, पूर्ण भरलेली आणि लांबच्या प्रवासातून नुकतीच तापून आलेली गाडी लगेच जलद चार्जरला लावणे टाळावे. सावलीत, रात्री, सावकाश केलेले चार्जिंग हे खिशाला जसे स्वस्त, तसे बॅटरीलाही मानवणारे असते. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते आणि दुसऱ्या मालकास ती मिळते की नाही, हे हमीपत्रात वाचून घ्यावे. जुनी गाडी घेताना तर बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा दाखला हाच किमतीचा मुख्य आधार होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून खरेदीपूर्वी विचारावयाच्या प्रश्नांचा क्रम स्पष्ट होतो. गाडी रोज आठ तास जेथे उभी राहते तेथे हक्काचे, सुरक्षित सॉकेट मिळेल काय. वर्षाकाठी किती किलोमीटर होतात. शेवटच्या युनिटाचा दर काय. लांबचे प्रवास किती. आणि त्यानंतर गाडी कोणती व बॅटरी केवढी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पुढील सर्व उत्तरे डळमळीत होतात.

यातून निघणारा एक निष्कर्ष व्यक्तीच्या खरेदीपलीकडचा आहे. ज्याला स्वतःचे अंगण आहे त्याला किलोमीटर दोन रुपयांत पडतो, आणि ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते त्याला साडेतीन रुपयांत. पेट्रोलच्या काळात हा भेद नव्हता. तो कमी करावयाचा तर महामार्गांवरील जलद केंद्रांइतकेच लक्ष गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक यंत्रणांकडे व माणसे दिवसभर जेथे काम करतात त्या आवारांकडे दिले पाहिजे. २०२३ साली विद्युत् ग्राहकांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीचा रोख सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त करण्याकडे आहे. तेव्हा कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या पार्किंगमधील साधी सॉकेटे ही उद्याची सर्वांत स्वस्त केंद्रे ठरू शकतात. दिवसाला सहा युनिटांची ही गरज भागविण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो गाडी स्वस्थ उभी असण्याचा वेळ, आणि तो प्रत्येक गाडीपाशी भरपूर आहे.